अठरा घरचा पाला

१२ डिसेंबर

वजनकाट्यावरून एक कोरी वही उचलून आणली. सव्वीस वर्षं ट्रकांची वजनं लिहिली, भरलेला किती आणि रिकामा किती. आता स्वतःबद्दल लिहायचं ठरवलंय. ऑपरेशन झाल्यापासून घरात सगळे माझ्याविषयी बोलतात, माझ्याशी कुणी बोलत नाही.

तर नोंद अशी. जूनमध्ये हृदयातली एक झडप बदलली. नवी झडप धातूची आहे. तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यायची, रोज संध्याकाळी सात वाजता. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. त्या तपासणीचा जो आकडा येतो त्याला आयएनआर म्हणतात. माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. कमी आला तर रक्ताची गाठ होण्याची भीती, जास्त आला तर रक्त वाहण्याची. ऑपरेशननंतर काही दिवसांतच आकडा बसला, तो आजवर हललेला नाही.

क्षितिजाचं लग्न ठरलं. मुलगा कुणाल, कशेळीचा, शांत आहे, जेवतो नीट. हळद आठ फेब्रुवारीला, लग्न नऊला. काल पोरीने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "पप्पा, शपथ घ्या. एक थेंब न्हाय. हळदीला पण न्हाय."

घेतली शपथ. मग वर म्हणते, "आकडा बिघडला तर मी लग्न पुढच्या वर्षावर ढकलीन. तुम्ही हॉस्पिटलात आणि मी मांडवात, असं मना जमनार न्हाय. कुणालला सांगून ठेवलंय." ही पोरगी बोलते ते करते. माझ्यावर गेली आहे, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करू?

खरं लिहितो, कठीण आहे. मांडवात दोनशे माणसं पिणार आणि मांडवाचा धनी कोरडा. पण हात तिच्या डोक्यावर होता.

१५ डिसेंबर

पत्रिका वाटायला सुरुवात केली. आमच्या अंजूरला दारात पत्रिका टेकवून निघता येत नाही. बसावं लागतं, आणि त्या घरचं काहीतरी तोंडात घालावं लागतं. घातलं नाही तर आमंत्रण पोचलं असं धरत नाहीत. आजवर हे काहीतरी म्हणजे ग्लासच असायचा. दहा घरं झाली की अकराव्या घरी मला पोचवून द्यायला माणूस लागायचा.

पहिलं घर दौलतचं, माझ्या चुलतभावाचं. त्याने ग्लास भरून पुढे केला. "घे रं केसरीनाथ, पत्रिकेचा मान हाय."

मी शपथ सांगितली. तो हिरमुसला. खरं लिहितो, ग्लास परत देताना नाकाजवळून नेला. वास घेतला. बरा होता. दिला परत.

आता मान कसा राखायचा म्हणून घर विचारात पडलं. मैनावहिनी आतून ओरडली, "हार्टवाल्याला पाला चांगला! चवळीचा पाला केलाय, त्याला वाढते." तांदळाच्या भाकरीबरोबर दोनदा घेतला. दौलत खूश, मीही खूश.

१९ डिसेंबर

बातमी गावात माझ्या पुढे धावते आहे. केसरीनाथ पीत नाही, त्याला पाला लागतो. भावकीतल्या मोरूकडे गेलो तर अळूचं फदफदं तयार. त्याच्या भावाकडे लाल माठ. त्याच्या शेजारी शेवग्याचा पाला घातलेला सुका जवळा. एका घरी मटण रटरटत होतं, तरी माझ्यासाठी मेथीचा वेगळा टोप चढवला होता. आता तर चढाओढ लागली आहे. "मोरूकडे दोन वाट्या खाल्लास, मग आमच्याकडे एकच कं?" असं विचारतात. कुणाचं मन मोडायचं?

इतका मान मला पिण्याच्या दिवसांत कधी मिळाला नव्हता. पत्रिका दिलेली घरं, नऊ.

घरी मात्र कमळ फुगून बसली आहे. गावभर खाऊन येतो आणि बायकोच्या हातचं खात नाही म्हणून. तिला बरं वाटावं म्हणून संध्याकाळी तिची पालकाची डाळही पोटभर खाल्ली.

२६ डिसेंबर

आकडा एक पॉइंट सहा. कमी.

ठाण्याच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "गोळी चुकते का?" नाही. "खाण्यात काही बदल?" मी म्हटलं, "मटणसुद्धा सोडलंय, साहेब. एकदम साधं खातो." त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "घेता का? काय होतं, काही लोक प्यायच्या दिवशी गोळी टाळतात." मी नाही म्हणालो. क्षितिजाने माझ्याकडे बघितलं आणि मग भिंतीकडे. गोळी वाढवून दिली.

येताना कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो. पाऊण तास तिने हॉर्न वाजवला.

३० डिसेंबर

आज भिवंडीत अब्दुर्रहमानकडे पत्रिका दिली. त्याचे कापडाचे लूम, माझा काटा, पंचवीस वर्षांची दोस्ती. त्याच्याकडे ग्लासाचा प्रश्नच नव्हता, पण अंजूरची बातमी तिथेही पोचलेली. तय्यबाभाभींनी ढीगभर पालक केला होता. "केसरीभाई, आपके लिये स्पेशल, तेल भी कम डाला है." त्यांची मुलगी मारिया हल्ली घराखालीच औषधांचं दुकान चालवते, फार्मसीची डिग्री घेतली आहे. दुकानात गर्दी होती म्हणून लांबूनच हात केला.

२ जानेवारी

रघूबद्दल लिहायला हवं. काट्यावर माझ्याबरोबर वीस वर्षं आहे, पण एवढी माया कधी दाखवली नव्हती. हल्ली मी उठलो की उठतो, टपरीवर गेलो की मागे येतो. माझा चहा आला की म्हणतो, "थांब, गरम हाय कं बघतो," आणि एक घोट घेतो. बोलताना अगदी तोंडाजवळ तोंड आणतो. सारखं नाक पुढे करून हुंगतो, सर्दी झालेली दिसते. त्याला म्हटलं वाफ घे. आजारपणात माणसांची खरी पारख होते हे पटलं.

९ जानेवारी

आकडा एक पॉइंट पाच. गोळी वाढवूनसुद्धा कमी! डॉक्टरांनी आणखी वाढवली. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही, क्षितिजाला बाजूला घेऊन विचारलं.

घरी आल्यावर तिने माझं कपाट आवरलं. मग गाडीची डिकी आवरली. मग माळा. लग्नघर आहे, आवराआवर हवीच, पण माळा?

मलाच आता शंका यायला लागली आहे. झोपेत उठून पितो की काय? कमळला विचारलं. ती म्हणाली, "झोपेत तू कूस पन वलत न्हाय, पितोस कसला!" तेवढाच धीर आला.

११ जानेवारी

अंजूर आणि भिवंडी मिळून अठरा घरं झाली. उद्यापासून अकलोलीला, सीताबाईकडे. माझी थोरली बहीण. तिकडची आमंत्रणं आटपून आठवडाभर राहीन म्हणतो. इकडे पोरीची नजर सहन होत नाही.

१८ जानेवारी

आलो. सीताबाईच्या घरी पाल्याची बातमी पोचली नव्हती. तिने लहानपणी जे घातलं तेच घातलं. सकाळी बोंबील, दुपारी पापलेट, रात्री कोलंबी आणि भात. हिरवं असं ताटात काही दिसलं नाही. कुंडावर गरम पाण्यात पाय सोडून दोघं बसलो, आईची आठवण काढली. ती म्हणाली, "तू पिनं सोरलंस, आई असती तर पेढं वाटलं असतं." थेंब घेतला नाही. गोळी रोज सातला घेतली.

आज सकाळी दात घासताना मात्र बेसिन लाल झालं. हिरड्यांतून रक्त. कमळ घाबरली, क्षितिजाने लगेच गाडी काढली. रक्त देऊन आलो, आकडा उद्या मिळेल.

१९ जानेवारी

आकडा पाच पॉइंट सहा.

दोन दिवस गोळी बंद. जपून राहा, पडू नका, परवा परत या. डॉक्टर म्हणाले, "एवढा वर-खाली होतोय म्हणजे काहीतरी आहे. मला खरं सांगायला हवं."

घरी आल्यावर क्षितिजाने दार लावलं.

"अकलोलीला काय झालं, पप्पा?"

"मासे खाल्ले."

"शपथ मोडलीत ना?"

"न्हाय."

"मग आकडा खोटा बोलतो?"

सव्वीस वर्षं मी ड्रायव्हरांना हेच सांगत आलो आहे, काटा खोटं बोलत नाही. तेही बिचारे असेच उभे राहत असतील, आज पहिल्यांदा कळलं.

तिने कुणालला फोन लावला. लग्न पुढे ढकलायचं म्हणाली. रडत होती. म्हणाली, "मना हळद नको, मना पप्पा पायजे." कुणाल म्हणाला चार दिवस थांबू, मग घरच्यांना सांगू. चांगला मुलगा आहे. मी तिच्या खोलीबाहेर उभा होतो. आत जाऊन काय बोलायचं? पिणाऱ्या बापांनाही अशीच पोरीसमोर शपथ घ्यावी लागते आणि तेही "न्हाय" असंच म्हणतात. माझं "न्हाय" वेगळं कसं दाखवू? आयुष्यात एवढा खरा मी कधी वागलो नव्हतो, आणि याच वेळी कुणी ऐकत नाही. राग आलाय आणि वाईटही वाटतंय.

२१ जानेवारी

आजचं सगळं लिहितो, हात दुखला तरी चालेल.

सकाळी क्षितिजाच्या ओळखीच्या गाडीने ठाण्याला जाऊन तपासणी केली. आकडा तीन पॉइंट चारवर उतरला होता. तिथून एकटाच रिक्षा करून अब्दुर्रहमानकडे गेलो. कुणाजवळ तरी मन मोकळं करायचं होतं. त्याने ऐकलं आणि सरळ खाली दुकानात नेलं. "मारिया, चाचाका केस देख."

तपासणीहून परस्पर आलो होतो, म्हणून औषधांची पिशवी बरोबर होतीच, फाइल आणि या वहीसकट. तिने एकेक पाकीट काउंटरवर मांडलं. रक्ताची गोळी, बीपीची, कोलेस्टेरॉलची. कॉम्प्युटरवर एकेकीची दुसरीशी जोडी लावून बघितली. गुडघ्याला, सर्दीला काही घेता? चूर्ण, काढा, झाडपाल्याचं औषध? नाही, नाही, नाही.

"औषधांचं आपसांत भांडण न्हाय," ती म्हणाली. "मग ताटाशी असनार. चाचा, दोन महिन्यांत काय काय खाल्लं?"

म्हटलं, तोंडी कशाला, लिहिलेलंच आहे. वही दिली.

तिने लाल पेन घेतलं. पहिल्या पानावर एक रेघ मारली. दुसऱ्यावर चार. मग तिचे खांदे हलायला लागले. पोरगी हसत होती! मी घरातून परागंदा झाल्यासारखा बसलोय आणि ही हसते.

"चाचा, आप आदमी हो के बकरी? अठरा घरांचा पाला खाल्लात तुम्ही!"

मग नीट समजावून सांगितलं. आपल्या रक्तात गोठण्याचं काम चालतं त्याला एक व्हिटॅमिन लागतं, के नावाचं. माझी गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. आणि ते व्हिटॅमिन सगळ्यात जास्त कशात? हिरव्या पाल्यात. "डॉक्टर गोळी वाढवत गेले, गाव पाला वाढवत गेलं. दोघांची कुस्ती. मग अकलोलीला पाला एकदम बंद, मासे चालू, आणि गोळी मात्र वाढलेलीच. आकडा उडनारच ना?"

"म्हणजे दारू नाही?"

"दारूनेपण बिघडतो, दोन्हीकडे. क्षितिजाचा शक चुकीचा होता, पन वेडा न्हवता."

मग तिने फाइलमधून हॉस्पिटलने दिलेला सूचनांचा कागद काढला. दारूची ओळ क्षितिजाने पिवळ्या पेनाने ठळक केलेली. एवढी ठळक, की आम्ही तिघांनीही त्याखालची ओळ कधी वाचली नाही. "पालेभाज्यांचं प्रमाण रोज सारखं ठेवा."

क्षितिजाला फोन गेला. अर्धी सुट्टी टाकून आली. दुकानातच उभ्याने वही वाचायला लागली. मी अब्दुर्रहमानच्या बाजूला स्टुलावर, शाळेत निकालाला बसल्यासारखा. पंधरा डिसेंबरच्या पानावर ती थांबली.

"पप्पा, वास घेतलात ते पन लिहिलंय?"

"घेतला तर लिहिनार ना."

ती खाली बसली. काउंटरला टेकून, गिऱ्हाइकांसमोर, ढसाढसा रडली. म्हणाली, "जो वास लिहितो तो घोट लपवनार न्हाय. माझं चुकलं, पप्पा." खरं लिहितो, ती रडली तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग लाज वाटली. मग मीही रडलो, आणि अब्दुर्रहमान विनाकारण. वरून तय्यबाभाभी आल्या, कळल्यावर कपाळावर हात मारून घेतला, "और मैने पालक खिलाया!"

क्षितिजा रडतारडता पुढची पानं वाचत होती. दोन जानेवारीचं पान आलं आणि ती एकदम खो खो हसायला लागली, मारियाला दाखवलं, दोघी हसून वाकल्या. रघूच्या सर्दीत एवढं हसण्यासारखं काय ते मला कळलं नाही.

२२ जानेवारी

मारियाने चिठ्ठी लिहून दिली, ती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वहीची पानं स्वतः वाचली. गोळी पहिल्या मापावर आणली. मी म्हटलं, पाला बंदच करतो. म्हणाले, "बंद नको. रोज एक वाटी, तेवढीच. कमी-जास्त करायचं असलं तर आधी मला सांगायचं." आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "सॉरी, मिस्टर तरे." माझ्याकडून त्यांना लग्नाची पत्रिका.

२५ जानेवारी

उरलेल्या घरांना क्षितिजा बरोबर आली. आधी दौलतकडे जाऊन सगळं सांगितलं. मैनावहिनीने तोंडाला पदर लावला. "अगं बाय! आमी याला पाला घालून मारायला निघालो व्हतो कं?"

"तसं न्हाय काकी, तुम्ही मान राखलात. जरा जास्तच राखलात."

मग मोठी चर्चा झाली. याच्या तोंडात घालायचं तरी काय? दौलत म्हणाला ग्लास, आणि बायकोचा डोळा बघून गप्प बसला. शेवटी गुळाचा खडा ठरला. सहा घरं, सहा खडे, तेही चिमटीत मावतील एवढे. आमंत्रणं पोचली.

कमळ रोज छोट्या काट्यावर भाजी तोलून वाटीत घालते. आज रघूने ट्रकच्या पावतीवर लिहून आणलं, माल मेथी, वजन शंभर ग्रॅम, गाडी नंबर केसरीनाथ तरे. सही-शिक्का मारून. त्याची सर्दी पूर्ण बरी झाली आहे. आता चहाही पिऊ देतो.

५ फेब्रुवारी

दोन पॉइंट आठ. मागच्या आठवड्यात दोन पॉइंट नऊ होता.

क्षितिजाने रिपोर्ट मांडवाच्या खांबाला टाचणीने लावला. येणारा प्रत्येक माणूस वाचतो, काही कळत नाही, तरी "व्वा" म्हणतो. लग्नाचे धवले गाणारी म्हातारी तर विचारत होती, या आकड्याचं पण गाणं करू का. कर म्हटलं.

९ फेब्रुवारी, सकाळ

लग्नाला निघायला तासभर आहे. कमळ ओरडते आहे, फेटा बांधायचा आहे. तरी कालचं लिहून घेतो.

हळदीला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. अब्दुर्रहमानचं सगळं घर आलं होतं. मारियाला बायकांनी घेरलं, प्रत्येकीला आपापल्या नवऱ्याच्या गोळ्या दाखवायच्या होत्या. बॅंड सुरू झाला तशी म्हातारी माणसंही खुर्च्या सोडून नाचायला लागली. मीही नाचलो, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं, आणि त्यावर थोडं.

मग पहिल्या ग्लासाची वेळ आली. आमच्यात पोरीच्या बापाने स्वतःच्या हाताने वडीलधाऱ्यांचे ग्लास भरायचे असतात. दुसऱ्याने भरले तर ते पीत नाहीत. बाटली माझ्या हातात आली. आठ महिन्यांनी. मांडवातले लोक माझ्याकडे बघायला लागले, मला ते पाठीवरही जाणवत होतं. मी दौलतचा ग्लास भरला, मग त्याच्या बाजूचा, मग मोरूच्या काकांचा. वास तोच, ओळखीचा.

क्षितिजा समोर पाटावर बसलेली. बायका तिला हळद लावत होत्या, कपाळाला, गालांना, हातांना. डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने डोळे मिटले होते. मैनावहिनीला मस्करी सुचली. बॅंडच्या वर आवाज काढून ओरडली, "क्षिते, डोले उघड गं! तुजे बापाचे हातान बाटली हाय!"

सगळे हसले. मग सगळे थांबून पोरीकडे बघायला लागले. मीही बघत होतो.

तिने डोळे उघडले नाहीत. मान वर करून दुसरा गाल पुढे केला आणि म्हणाली, "असूदे काकी. पप्पांचा हात हाय तो."

मी पुढच्या माणसाचा ग्लास भरायला घेतला. काही दिसेना, त्यामुळे ग्लास भरून वाहायला लागला. दौलत कळवळून ओरडला, "अरं, बघून वत रं, सांडतंस!" मी हसत होतो आणि सांडत होतो.